डोळ्याच्या शब्दावरचं आपलं भांडण

कमल,

बुधवारी संध्याकाळी भेटीची वेळ संपली म्हणून नर्सने मला उठवलं, तेव्हा तू म्हणालीस, "शाले, बाकीचं उद्या भांडू." गुरुवारी मी कॉलेजातले तास शिकवून परस्पर दवाखान्यात आले, तर तुझ्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती आणि तुझा दादा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

रडू मला नंतर आलं. आधी आला तो राग, आणि तो अजून गेलेला नाही. भेटायला येणारे म्हणतात, "सुटल्या बिचाऱ्या. किडन्या गेल्यावर दुसरं काय होणार होतं?" मी मान हलवते. मनात म्हणते, ती सुटली हो, मी अडकले. इतक्या वर्षांचं भांडण असं अर्ध्यात टाकून कुणी जातं का?

तुझ्या पुण्यानुमोदनाला घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, पंगत बसली, आणि तुझ्या वहिनीने मला कोपऱ्यात गाठलं. "शालिनीताई, कमलताई जनमभर ते शब्द शब्द करत राहिल्या, ते काय होतं वं नेमकं? आमाले तं कधी समजलंच नाही."

तू सांगायचीस तसंच मी तिला सांगितलं. तिबेटी माणूस डोळ्याला मिग म्हणतो. बर्मी माणसाच्या जुन्या लिखाणात डोळा म्हणजे म्यक. पाचाला दोघंही ङा म्हणतात, आणि 'मी' म्हणायलाही दोघंही ङा. दोघांच्या मध्ये एवढाले डोंगर, तरी शब्द सारखे. याचा अर्थ एक तर दोघांचे पूर्वज कधीतरी एकाच घरात राहत असतील, नाहीतर एकाने दुसऱ्याकडून शब्द उचलले असतील. कोणतं खरं, हे शब्द शेजारी शेजारी मांडून शोधायचं. मधल्या डोंगरांत काही भाषा अशा आहेत की बोलणारी दोन-चार गावंच उरलीत. त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. ते कुठून आले, कुणाचे कोण लागतात, हे त्यांच्या तोंडातल्या शब्दांशिवाय कुठेही नाही. आणि तीही माणसं आता आसामी नाहीतर हिंदी बोलायला लागलीत.

वहिनी म्हणाली, "मंग सापडलं का त्यायचं नातं?"

मी म्हटलं, "नाही. त्याच्यावरूनच आमचं भांडण होतं."

तुझा दादा बाजूला पाण्याचे ग्लास भरत होता. तो एकदम हसला आणि मग त्याचे डोळे भरून आले. त्याला तो जुना दिवस आठवला असणार. बासष्टची लढाई होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि तू घरात मोठमोठ्याने तिबेटी अंक पाठ करायचीस. दादा रेल्वेत नोकरीला, सरळ माणूस. तो म्हणाला होता, "हळू बोल वं माय, बाहेर ऐकू जाते. चीनचे हेर समजून पोलीस घेऊन जातीन आपल्याले." तू अंक म्हणायची थांबली नाहीस. खिडकी तेवढी लावलीस.

आपण एम. ए.ला भेटलो तेव्हा मी नरखेडकडच्या खेड्यातून आलेली, संत्र्याच्या बागाइतदाराची मुलगी. कॉलेजात आल्या आल्या मी 'मले-तुले' टाकून दिलं होतं आणि पुस्तकात असतं तसं तोंड वाकडं करून बोलायची. तू पहिल्या आठवड्यातच विचारलंस, "काहून वं, तुह्या घरी असंच बोलतात का?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "मंग माह्याशी तरी बोलू नको असं. मले कसनुसं होते." त्या दिवाळीत तू आमच्या गावी आलीस आणि सगळी सुटी बागेत हिंडलीस. मजुरांना विचारून विचारून फांदी, साल, फोड, बी, आळं, बहार, सगळ्यांचे शब्द गोळा केलेस. माझे बाबा जेवताना आईला म्हणाले, "हे पोरगी आपल्या घरचं सोनं नाही, शब्द मोजून राहिली." ज्या शब्दांची मला लाज वाटायची, ते तू वाटीत दाणे निवडावेत तसे निवडत होतीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपण बोलायचो ते भांडायलाच.

पुढे तुला सरकारी कचेरीत नोकरी लागली, शिलाँगला बदली झाली आणि तिथून दौऱ्यावर तू त्या डोंगरात गेलीस. परत आलीस ती तिथल्या दोन-चार गावांतली एक भाषा घेऊन. त्या लोकांचं सरकारी कागदावरचं नाव मी इथे लिहीत नाही. ते नाव त्यांना शेजारच्या मोठ्या जमातीने दिलेलं, आणि त्याचा अर्थ चांगला नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या मोठ्या जमातीकडे ह्यांनी राबायचं, शिकार आणून द्यायची, लाकडं तोडायची. तू ते नाव कधी उच्चारलं नाहीस. आपण म्हणायचो 'वरची भाषा'.

नागपूरला बदली होऊन आलीस तेव्हा तुझ्याजवळ त्या भाषेचे जेमतेम शंभरेक शब्द होते. तेही घाईत घेतलेले. तू तळमळत होतीस आणि मी म्हणत होते, जेवढे आहेत तेवढ्यांवर लिही. तू म्हणायचीस, एवढ्यावर काही होत नाही. इथून आपली पहिली कुरबुर सुरू झाली.

आणि मग ती बस.

उन्हाळा होता. तू बर्डीवरून कामठीच्या बसमध्ये बसलीस, इंदोऱ्याला उतरायचं म्हणून. मागच्या बाकावर एक म्हातारी, चपट्या चेहऱ्याची, मांडीवरच्या नातवाला रागावत होती. तुझा स्टॉप आला. तू उठली नाहीस. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, इंदोरा आला ना!" तू म्हणालीस, "जाऊ द्या, कामठीचं तिकीट द्या." म्हातारी वरच्या भाषेत रागावत होती. सगळ्या हिंदुस्थानात ती भाषा बोलणारी माणसं एका मोठ्या लग्नाच्या पंगतीत मावली असती, आणि त्यातली एक तुझ्या मागच्या बाकावर. तिचा मुलगा कामठीच्या छावणीत हवालदार होता. वडील वारल्यावर त्याने आईला इकडे आणलं होतं.

त्या रात्री तू मला न जेवता शोधत आलीस. "शाले, मले बुढी सापडली!" एवढंच म्हणालीस आणि माझ्या पायरीवर बसून हसत राहिलीस. तुला इतकं खुशीत मी नंतर कधी पाहिलं नाही.

मग रविवार मागून रविवार आपण कामठीला जायचो. तुझ्या खांद्यावर तो जड टेप रेकॉर्डर, माझ्या पिशवीत एकेक शब्द टिपायची कार्डं. आपल्याला वाटलं होतं, आता शब्दांचा पाऊस पडेल. म्हातारी क्वार्टरच्या दारात बादलीत पाय बुडवून बसलेली असायची. नागपूरच्या उन्हावर तिचा इतका राग होता की आपल्यावरही तो निघायचा, जणू हे ऊन आपणच लावलं होतं. हवालदार मधे बसून हिंदीत दुभाषेपण करायचा.

तू म्हणायचीस, "विचारा, हाताला काय म्हणतात."

तो विचारायचा. म्हातारी काहीतरी पुटपुटायची. तो कसनुसा हसून म्हणायचा, "माँ पूछ रही है, किसका हाथ?"

"कुणाचाही."

"बोल रही है, किसी का भी हाथ नहीं होता. या मेरा होता है, या तेरा."

तू मिठाचा शब्द विचारलास तर तिने आसामी 'निमख' सांगितला. नदीचा विचारलास तर म्हणाली, कोणती नदी? माशाचं चित्र दाखवलंस तर म्हणाली, हा मासा आमच्याकडचा नाही. एकदा तर दुपारभर तिने एकही शब्द दिला नाही. शेवटी म्हणाली, मला विचारू नका, माझी बहीण जास्त बोलते, तिला विचारा. बहीण कुठे होती? तर डोंगरात. तू पेन्सिल दाताखाली धरून बसली होतीस आणि मला हसू आवरत नव्हतं. येताना तू बसमध्ये माझ्याशी बोलली नाहीस.

तरी शब्द येत गेले. स्वयंपाक करताना, नातवाला न्हाऊ घालताना, डास मारताना ती आपसूक बोलायची आणि तू टिपून घ्यायचीस. अशाच एका रविवारी नातवाच्या डोळ्यात साबण गेला आणि ती ओरडली. हवालदाराने सांगितलं, डोळ्याला आम्ही 'मिक' म्हणतो.

मला तर नाचावंसं वाटलं. तिबेटी मिग, बर्मी म्यक, आणि हा मिक! मासा जुळला होता, सूर्य जुळला होता, आता डोळाही. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "झालं कमल. वरची भाषा त्याच घरातली आहे. जुनी शाखा. लिहून टाक."

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "लय जुळून राहिलं. म्हणूनच मले पटत नाही."

"हे काय वं? जुळलं नाही तं म्हणते जुळत नाही. जुळलं तं म्हणते लय जुळते. मंग माणसानं करावं तरी काय?"

"शाले, सख्ख्या बहिणी सारख्या दिसतात, पण हुबेहूब नाही दिसत. हुबेहूब दिसतो तो फोटो. शेजारच्या मोठ्या जमातीत डोळ्याले 'मिक'च म्हणतात. जशाच्या तसा. हजार-दोन हजार वर्षांपासून वेगळं राहून एकही टवका उडाला नाही? हा शब्द ह्यायचा नाही. उचललेला आहे."

"मीठ उचलतीन, बंदूक उचलतीन. डोळ्याचा शब्द कोणी दुसऱ्याकडून घेते का?"

"आपल्या इकडचे कितीतरी गोंड सातापर्यंत गोंडीत मोजतात आणि आठपासून मराठीत. एखाद्यानं फक्त आठ, नऊ, दहा ऐकले तं तो म्हणन, गोंडी मराठीची बहीण आहे."

"ते बाजारातले शब्द. डोळा काही बाजारात विकाले नेत नाही कोणी."

बस जरीपटक्याच्या बाजारापाशी गर्दीत अडकली होती, सगळीकडे हॉर्न. मग तू हळूच म्हणालीस, "ज्याले पिढ्यान्‌पिढ्या मालकापुढे उभं राहा लागते ना, त्याले रोज ऐकू येते, डोळे खाली कर. कोणाच्या भाषेत ऐकू येते ते? मालकाच्या."

मला ते पटलं नाही. आजही मला वाटतं की तो युक्तिवाद नव्हता, ती जखम होती, आणि जखमेपुढे माणूस गप्प बसतो, पटवून घेत नाही. पण हे मी तुला म्हटलं असतं तर तू उसळली असतीस, कारण तुझ्या मते तो निव्वळ भाषाशास्त्राचा मुद्दा होता. तो तसाही होताच. तीच तर पंचाईत होती.

भाषाशास्त्राच्या त्या चर्चासत्रातही हेच झालं. बाहेरगावचे एक मोठे प्राध्यापक आले होते. तू तुझं म्हणणं मांडलंस, शब्दांचे तक्ते दाखवलेस, अगदी जपून बोललीस. ते उठून, गोड हसून म्हणाले, "बाई, तुमची तळमळ समजते. पण तुम्ही तुमच्या समाजाचा इतिहास त्या बिचाऱ्या डोंगरी लोकांवर लादता आहात, असं नाही वाटत?"

तू म्हणालीस, "सर, माझा समाज राहू द्या. तुम्ही 'मिक'बद्दल बोला."

ते 'मिक'बद्दल बोलले नाहीत. अध्यक्षांनी चहाची सुटी जाहीर केली.

बाहेर टपरीवर तू चहाचा कप घेऊन उभी होतीस. मी त्या माणसाला शिव्या घालत होते, आणि तू म्हणालीस, "शाले, तुले चुकायची सोय आहे. मले नाही. तू चुकली तं शालिनी चुकली. मी चुकली तं म्हणतीन, ह्या लोकायचं असंच असते, सगळीकडे त्यायले तेच दिसते." छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी तुझं घर कुठे उभं होतं आणि माझं कुठे, यावर आपण कधी फार बोललो नव्हतो. तेव्हाही बोललो नाही. तू चहा न पिता कप ठेवलास आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसलीस.

त्या दिवसानंतर तू छापायचं नावच काढेनाशी झालीस. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. त्या माणसावर येते, तुझ्यावरही येते. मी म्हणायची, निम्मं तरी लिही. तू म्हणायचीस, आणखी एक शब्द मिळू दे. तो मिळाला की आणखी एक. लोक दहा-दहा शब्दांवर निबंध लिहून मोकळे होत होते, परदेशी जात होते, आणि तू चारशे शब्द घेऊन बसली होतीस आणि म्हणत होतीस, पाया कच्चा आहे. मी एकदा ओरडले, "तुले बुढी मरायच्या आधी लिहायचं आहे की नंतर?" तू मला घराबाहेर काढलंस. दोन दिवसांनी स्वतःच आलीस, पालकाची भाजी घेऊन, आणि आपण पुन्हा कार्डं मांडली.

मग एका रविवारी आपण कामठीला गेलो तर त्या क्वार्टरच्या दोरीवर दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. एक बाई बाहेर आली. हवालदाराची बदली झाली होती, आईला गावी सोडून तो पुढे गेला होता. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. आपल्याला कुणी कळवलं नव्हतं. आणि का कळवावं? त्यांच्या दृष्टीने आपण दोन बाया होतो, रविवारी येऊन 'हाताला काय म्हणता' विचारणाऱ्या. तू त्या रिकाम्या दारापुढे रेकॉर्डर खांद्यावर घेऊन उभी राहिलीस. मी म्हटलं, चल. तू म्हणालीस, "पायाच्या बोटांचे शब्द राहिले."

त्यानंतरचे तुझे सगळे उन्हाळे परवान्यामागे गेले. त्या डोंगरात जायला सरकारी परवाना लागतो, आणि तुझ्या कचेरीचं म्हणणं असं की हे आता तुमच्या कामात येत नाही. तू अर्ज करायचीस, ते परत यायचे. कधी सही नाही, कधी हुद्दा चुकला, कधी सीमेवर परिस्थिती बरी नाही. रजा टाकून दिल्लीला जाऊन आलीस. तिथे एका साहेबाने विचारलं, नागपूरच्या बाईला तिथे कशाला जायचं? तू म्हणालीस, डोळ्याला आधी काय म्हणायचे ते विचारायला. तू हे मला हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही.

मग पाय सुजायला लागले, आणि तू तेही कुणाला सांगितलं नाहीस.

दवाखान्यात शेवटच्या बुधवारी मी काय म्हटलं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. तुला बरं वाटावं म्हणून मी नेहमीसारखं भांडण काढलं. म्हटलं, "मिक उसना आहे म्हणते ना, मंग त्याच्या आधीचा शब्द दाखव. उसना शब्द यायच्या आधी ते लोक आंधळे होते का? जुना शब्द दाखव, मी हरली." तुझ्या डोळ्यांत जरा चमक आली. तू बोलायला तोंड उघडलंस आणि नर्स आली.

मी पुण्यानुमोदनानंतर आठवडाभर काही केलं नाही. मग सीताबर्डीवर त्या भाषाविषयक त्रैमासिकाच्या कचेरीत गेले. जिना चढून वर, तो पंखा, ते टेबल, तेच संपादक. सभ्य माणूस. मी म्हटलं, आम्हा दोघींच्या नावाने लेख द्यायचा आहे. शब्दांचे तक्ते सगळे असतील, आणि शेवटी दोन निष्कर्ष असतील. एक तिचा, एक माझा.

ते म्हणाले, "शालिनीबाई, एका लेखाला दोन निष्कर्ष? वाचकाने घ्यायचं काय?"

"दोन्ही."

"असं करा. कमलताई आता नाहीत. त्या असत्या तर कदाचित त्यांचं मत बदललंही असतं. तुमचा निष्कर्ष ठेवा आणि लेख त्यांच्या स्मृतीला अर्पण करा. छान होईल ते."

कमल, मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडले ती जिंकायलाच. पण हे असं? मी म्हटलं, "म्हणजे मी जिवंत आहे म्हणून माझं खरं?"

ते चपापले. मी आणखीही बरंच बोलले, आवाज चढला होता, बाजूच्या खोलीतला मुद्रितशोधक डोकावून गेला. संपादकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. दोन्ही छापतो. पण त्यांची बाजू तुमच्याइतकीच भक्कम लिहा. अर्पणपत्रिकेसारखी नको. वाचणाऱ्याला तुम्ही हरताय असं वाटलं तरी चालेल."

म्हणून आता मी रोज कॉलेजातून येऊन तुझी बाजू लिहिते. माझी बाजू एका दिवसात लिहून झाली, ती मला पाठच आहे. तुझी काही केल्या जमेना. पहिल्या खर्ड्यात मी तुझा मुद्दा मांडायची आणि पुढच्याच वाक्यात 'परंतु' लिहून तो खोडायची. फाडला. दुसऱ्यात तू भाबडी वाटत होतीस. तोही फाडला. फार चिडचिड झाली. तू असतीस तर म्हणाली असतीस, तुले माहं म्हणणं कधी नीट ऐकूच आलं नाही. आणि मग शनिवारी मी ठरवलं की दुपारपुरती मी शालिनी नाही. मी कमल आहे, आणि मला ह्या शालीला गप्प करायचं आहे. मला काय लागेल? जुना शब्द लागेल. आणि जुना शब्द कुठे लपला असेल?

एकटा तर तो उरणार नाही, तिथे 'मिक' येऊन बसलेला. पण जोडशब्दात उरू शकतो. जोडशब्द कुणी फोडून बघत नाही. तिबेटीत अश्रू म्हणजे 'डोळा-पाणी', बर्मीतही 'डोळा-पाणी'. मी आपली कार्डं काढली. पाणी त्या भाषेत 'खो'. अश्रू 'मिकखो' असायला हवा. तो 'एमखो' आहे. तुझ्याच अक्षरात, 'पाण्या'च्या गठ्ठ्यात. मग आंधळ्याचा शब्द काढला. तो 'आजारा'च्या गठ्ठ्यात, माझ्या अक्षरात. 'एमपा'. कमल, दोन्हीकडे डोळ्याच्या जागी 'मिक' नाही, 'एम'. आपण दोघी इतकी वर्षं 'मिक'चं एकच कार्ड मधे ठेवून भांडत बसलो आणि ही दोन कार्डं दोन वेगळ्या गठ्ठ्यांत, हाताच्या अंतरावर पडून होती.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. चहा गार झाला. तुझ्या नावाने मी मोठ्याने काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला माहीत आहे, दोन शब्दांवर काही सिद्ध होत नाही. योगायोग असू शकतो. 'एम'चा अर्थ दुसराच काही असू शकतो, आणि ते विचारायला म्हातारी कुठे आहे कुणास ठाऊक. तूच पहिल्यांदा म्हणाली असतीस, पाया कच्चा आहे. पण तुझ्या बाजूला इतका चांगला मुद्दा आजवर मिळाला नव्हता, आणि तो तुला नाही, मला मिळाला. मी तो तुझ्या निष्कर्षात, तुझ्या नावाखाली घातला आहे. संपादकांना सांगितलेलं नाही.

काल रात्री माझी बाजू पुन्हा वाचली. ती आता लंगडी वाटते. 'एमखो'ला उत्तर द्यायला हवं, आणि मला ते येत नाही. तू असतीस तर पाच मिनिटांत माझ्या बाजूनेही एखादा मुद्दा काढून दिला असतास, नुसतं भांडण चालू राहावं म्हणून.

— शालिनी